पोस्टग्रेस डेटाबेस: पीजी_वॉल ३०० जीबीच्या वर, टेबलही फुगलंय. आधी कशाला हात घालू?

निवांत_नोड
आवृत्ती १५. एक प्रायमरी (मुख्य सर्व्हर) आणि एक स्ट्रीमिंग स्टँडबाय (त्याची सतत अद्ययावत होणारी प्रत). डेटा आणि वॉल (प्रत्येक बदल आधी जिथे लिहिला जातो त्या फायली) एकाच डिस्कवर आहेत: ५०० जीबी, एक्स्टफोर फाइलसिस्टिम.

पीजी_वॉल डिरेक्टरी ३१२ जीबी झालीय, म्हणजे जवळजवळ वीस हजार फायली. मॅक्स_वॉल_साइज आहे तसंच आहे, १ जीबी. दुसरीकडे 'नोंदी' हे टेबल ९४ जीबीचं झालंय. ओळींच्या हिशोबाने ते पंचवीसच्या आसपास असायला हवं. ऑटोव्हॅक्यूम (मृत ओळींची, म्हणजे बदललेल्या-काढलेल्या ओळींच्या जुन्या आवृत्त्यांची आपोआप सफाई) चालू आहे, किंबहुना त्या टेबलावरून हलतच नाही. लास्ट_ऑटोव्हॅक्यूम काही मिनिटांपूर्वीचं दिसतं, तरी एन_डेड_टप (मृत ओळींची संख्या) खाली येत नाही.

डिस्कवर ३८ जीबी शिल्लक आहेत आणि रोज सात-आठ जीबी जातात. या दोन वेगळ्या भानगडी आहेत का? आधी कुठली सोडवू?

झटपटराव
पीजी_वॉलमधल्या आठवड्यापेक्षा जुन्या फायली आरएमने उडवा, जागा लगेच मोकळी होते. वॉल तर लॉगच आहे. टेबलासाठी व्हॅक्यूम फुल.

तळघर
@निवांत_नोड, वरचा प्रतिसाद वाचून काहीही टाइप करू नका.

वॉल हा वाचायचा लॉग नाही. डेटा फायलींमध्ये अजून न उतरलेले बदल फक्त तिथेच असतात. नको ती फाइल गेली तर चालू सर्व्हर तुम्हाला काही बोलणार नाही. पुढच्या क्रॅशनंतर मात्र तो उठताना वैध चेकपॉइंट रेकॉर्ड (इथपर्यंतचे बदल डेटा फायलींत उतरले, ही खूण) सापडत नाही म्हणून थांबेल. मग हातात उरतं वॉल जबरदस्तीने नव्याने सुरू करणारं पीजी_रिसेटवॉल, आणि त्यानंतरचा डेटाबेस आतून सुसंगत असेल याची हमी कोणी देत नाही. पूर्वी या डिरेक्टरीचं नाव पीजी_एक्सलॉग होतं. 'लॉग' शब्द बघून लोक ती साफ करायचे, म्हणून २०१७ साली आवृत्ती १० मध्ये नाव बदललं. पीजी_क्लॉगचं पीजी_एक्सॅक्ट झालं तेही त्याच कारणाने.

व्हॅक्यूम फुलही आत्ता नको. तो टेबलाची पूर्ण नवी प्रत लिहितो, म्हणजे २५ जीबी अधिक इंडेक्स इतकी जागा वर लागते. शिवाय ते सगळं लिखाण वॉलमध्ये जातं. ३८ जीबीत हे बसणार नाही.

सर्व्हर स्वतःहून वॉल साफ करत नसेल तर कोणीतरी ते अडवून धरलंय. कोणी, ते आधी शोधू.

शून्याधारित
पीजी_वॉल फुगण्याची ठिकाणं मोजकीच आहेत. याच क्रमाने बघा:

१. पीजी_स्टॅट_आर्कायव्हर. फेल्ड_काउंट वाढतोय का? लास्ट_फेल्ड_टाइम हा लास्ट_आर्काइव्ह्ड_टाइमच्या नंतरचा आहे का? वॉल फायलींची प्रत दुसरीकडे ठेवणाऱ्या आर्काइव्ह_कमांडने शून्य (म्हणजे 'झालं') परत केल्याशिवाय सर्व्हर ती फाइल सोडत नाही. पीजी_वॉलच्या आतल्या आर्काइव्ह_स्टेटसमध्ये .रेडी फायलींचा ढीग दिसला तर हेच कारण समजा.

२. पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स. स्लॉट म्हणजे स्टँडबायने अजून न घेतलेली वॉल त्याच्यासाठी राखून ठेवणारी नोंद. यातले सगळे कॉलम इथे टाका. शिवाय प्रत्येक स्लॉटसाठी पीजी_वॉल_एलएसएन_डिफ या फंक्शनला पीजी_करंट_वॉल_एलएसएन() आणि रीस्टार्ट_एलएसएन (स्लॉटला जिथपासूनची वॉल हवी ती जागा) द्या, उत्तर पीजी_साइज_प्रिटीतून काढा.

३. वॉल_कीप_साइज (कायम राखून ठेवायची वॉल). कोणीतरी पूर्वी मोठा आकडा टाकून विसरलेला असतो.

मॅक्स_वॉल_साइज ही मऊ मर्यादा आहे. चेकपॉइंट कधी घ्यायचा हे त्यावरून ठरतं. वरच्या तिघांपैकी कोणी फाइल धरली असेल तर त्या आकड्याला कोणी विचारत नाही.

आणि टेबलावर एकदा साधा व्हॅक्यूम व्हर्बोस चालवा. फुल नाही. 'टपल्स' आणि 'रिमूव्हेबल कटऑफ' या दोन ओळी जशाच्या तशा हव्यात.

निवांत_नोड
आर्काइव्ह ठीक आहे: फेल्ड_काउंट ०, शेवटची फाइल मिनिटभरापूर्वी गेली. वॉल_कीप_साइज ०. स्लॉट दोन:

स्टँडबाय_१ | फिजिकल | अ‍ॅक्टिव्ह: हो | एक्समिन: १०९२१८२९० | वॉल_स्टेटस: रिझर्व्ह्ड | मागे: १८ एमबी
स्टँडबाय_२ | फिजिकल | अ‍ॅक्टिव्ह: नाही | एक्समिन: ४८२१३३७७ | वॉल_स्टेटस: एक्स्टेंडेड | मागे: ३०९ जीबी

व्हॅक्यूम व्हर्बोस:
टपल्स: ० काढल्या, १७८४३२९११ शिल्लक, १३१२००४५७ मृत पण अजून काढता येत नाहीत
रिमूव्हेबल कटऑफ: ४८२१३३७७, काम संपलं तेव्हा ६१००४९८२ एक्सआयडी जुना

स्टँडबाय_२ नावाचं मशीन काही आठवड्यांपूर्वीच काढून टाकलं गेलंय.

तळघर
सापडलं. स्लॉटचा एक्समिन (ज्यानंतर मेलेल्या ओळी त्याला अजून हव्यात तो ट्रान्झॅक्शन क्रमांक, म्हणजे एक्सआयडी) आणि व्हॅक्यूमचा कटऑफ (ज्याच्या आधी मेलेल्या ओळीच काढता येतात तो क्रमांक) शेजारी ठेवा. दोन्हीकडे ४८२१३३७७. तुमच्या दोन भानगडी एकच आहेत.

त्या स्टँडबायवर हॉट_स्टँडबाय_फीडबॅक चालू होतं. ते चालू असलं की स्टँडबाय प्रायमरीला कळवत राहतो: 'माझ्याकडच्या क्वेरी अमुक ट्रान्झॅक्शनपासूनचं जग बघताहेत, त्यानंतर मेलेल्या ओळी काढू नका.' स्लॉट नसता तर जोडणी तुटल्याबरोबर हा निरोपही संपला असता. स्लॉट असला की निरोप स्लॉटमध्येच लिहिला जातो आणि मशीन गेलं तरी मागे राहतो. रीस्टार्ट_एलएसएनने वॉल अडवली, एक्समिनने व्हॅक्यूम. ऑटोव्हॅक्यूम बिचारा दर मिनिटाला येऊन अख्खं टेबल चाळतो आणि रिकाम्या हाताने परत जातो. त्यात डिस्कचा वेळ जातोय तो वेगळाच.

झटपटराव
मान्य, वॉलबद्दलचं मागे घेतो. पण मग ऑटोव्हॅक्यूमचे वर्कर वाढवले तर टेबल तरी आवरेल ना?

शून्याधारित
नाही. कटऑफच्या अलीकडची एकही ओळ कुठलाही वर्कर काढू शकत नाही. तीनचे दहा केलेत तर दहा जण रिकाम्या हाताने परत जातील. शिवाय ऑटोव्हॅक्यूमची खर्चमर्यादा (मुळातली २००) सगळ्या वर्करांत वाटली जाते. म्हणजे नुसते वर्कर वाढवले की प्रत्येक जण आणखी हळू चालतो.

एक्समिन अडवणाऱ्या चार जागा आहेत, आणि व्हॅक्यूम 'काढता येत नाहीत' म्हणाला की चारही बघायच्या: पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीतला बॅकएंड_एक्समिन (लांबलेलं ट्रान्झॅक्शन), पीजी_स्टॅट_रेप्लिकेशनमधला बॅकएंड_एक्समिन (स्लॉटशिवाय जोडलेला स्टँडबाय), पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्समधले एक्समिन आणि कॅटलॉग_एक्समिन, आणि पीजी_प्रिपेअर्ड_एक्सॅक्ट्स. शेवटची जागा सगळे विसरतात. प्रिपेअर केलेलं पण कमिट न झालेलं ट्रान्झॅक्शन सर्व्हर रीस्टार्ट केला तरी जात नाही, कमिट प्रिपेअर्ड किंवा रोलबॅक प्रिपेअर्ड द्यावंच लागतं.

तळघर
@निवांत_नोड, आता क्रम.

अ) ते मशीन खरंच परत येणार नाही ना, हे ज्याने काढलं त्याला विचारा. स्लॉट काढल्यावर तो स्टँडबाय त्या जागेवरून पुढे जोडला जाणार नाही. परत हवा असेल तर पीजी_बेसबॅकअपने नव्याने उभारावा लागेल, किंवा मधली वॉल आर्काइव्हमधून द्यावी लागेल.

आ) सिलेक्ट पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट('स्टँडबाय_२'), नाव दोनदा वाचा, एक आणि दोनमध्ये एका कळीचा फरक आहे. स्लॉट अ‍ॅक्टिव्ह असेल तर हे फंक्शन नकार देतं, त्यामुळे चुकून स्टँडबाय_१ लिहिलंत तरी बहुधा वाचाल. त्या क्षणी त्याची जोडणी तुटलेली नसली तर.

इ) चेकपॉइंट, फायली स्लॉट काढल्याबरोबर जात नाहीत, पुढच्या चेकपॉइंटला जातात. वीस हजार फायली आहेत, त्यामुळे थोडा वेळ लागेल. आवृत्ती १५ पासून लॉग_चेकपॉइंट्स मुळातच चालू असतं, किती काढल्या ते लॉगमध्ये दिसेल.

ई) पीजी_वॉल खाली आल्याची खात्री झाल्यावरच व्हॅक्यूम. व्हॅक्यूम स्वतःही वॉल लिहितो.

कोरडवाहू
ई बद्दल जोड. मेंटेनन्स_वर्क_मेम (व्हॅक्यूमसारख्या कामांना मिळणारी मेमरी) किती आहे? मूळचं ६४ एमबी असेल तर तसाच व्हॅक्यूम सुरू करू नका.

आवृत्ती १७ च्या आधी व्हॅक्यूम प्रत्येक मृत ओळीमागे ६ बाइट लक्षात ठेवतो. ६४ एमबीत साधारण १ कोटी १२ लाख ओळी मावतात. तुमच्या १३ कोटी १२ लाख आहेत. दर वेळी मेमरी भरली की तो टेबल सोडून सगळे इंडेक्स पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळतो, मग परत टेबलावर येतो. म्हणजे प्रत्येक इंडेक्सच्या १२ फेऱ्या. त्याच सेशनमध्ये आधी सेट मेंटेनन्स_वर्क_मेम = '१जीबी' द्या. लागणार आहेत ७५१ एमबी, एका फेरीत काम होईल. १ जीबीच्या वर देऊन उपयोग नाही, १७ पर्यंत तीच कमाल होती. १७ मध्ये मृत ओळी साठवायची पद्धतच बदलली आणि ही कटकट गेली.

इंडेक्स चार-पाच असतील तर व्हॅक्यूम (व्हर्बोस, पॅरलल ४). टेबल एकच वर्कर चाळतो, इंडेक्स मात्र वाटून घेतले जातात. हाताने चालवलेल्या व्हॅक्यूमला व्हॅक्यूम_कॉस्ट_डिले मुळात शून्य असतो, म्हणजे तो मिळेल तेवढी डिस्क खातो. वर्दळीच्या वेळी चालवणार असाल तर सेशनमध्ये २ मिलिसेकंद ठेवा.

निवांत_नोड
स्लॉट काढला. चेकपॉइंटला साडेतीन मिनिटं लागली, पीजी_वॉल आता १.१ जीबी. मेमरी १ जीबी देऊन व्हॅक्यूम केला: 'इंडेक्स स्कॅन्स: १', काढता न येणाऱ्या ओळी काही हजार. पण टेबल ९४ वरून ९३ जीबीवर आलं. एवढंच?

कोरडवाहू
एवढंच. व्हॅक्यूम आतली जागा पुन्हा वापरण्याजोगी करतो, फाइल बारीक करत नाही. फाइलच्या अगदी शेवटची पानं पूर्ण रिकामी असतील तेवढीच कापून फाइलसिस्टिमला परत देतो. तुमच्या शेपटाला जिवंत ओळी आहेत.

आता खरंच बारीक करायचंय का, ते ठरवा. डिस्क मोकळी झालीय. नवे इन्सर्ट आणि अपडेट त्याच पोकळ जागेत जातील, त्यामुळे बरेच दिवस टेबल वाढणार नाही. त्या टेबलावर सगळं इंडेक्समधूनच वाचलं जात असेल तर मी टेबलाला हात लावणार नाही, फक्त इंडेक्स नवे करेन. सिक्वेन्शियल स्कॅन होत असतील तर प्रत्येक स्कॅन २५ ऐवजी ९३ जीबी वाचतो. मग बारीक करायलाच हवं.

इंडेक्ससाठी: रीइंडेक्स इंडेक्स कॉन्करंटली, आवृत्ती १२ पासून. बी-ट्रीचं (नेहमीच्या प्रकारच्या इंडेक्सचं) पान पूर्ण रिकामं झाल्याशिवाय दुसरीकडे वापरता येत नाही, म्हणून व्हॅक्यूमनंतरही इंडेक्स अर्धपोटी पानांनी भरलेला राहतो. हे मध्येच तुटलं तर नावाच्या शेवटी _सीसीन्यू असलेला अवैध इंडेक्स मागे राहतो. तो वाचायला वापरला जात नाही, पण दर लिखाणाला त्याचा भार पडतोच. पीजी_इंडेक्समध्ये इंडइजव्हॅलिड बघा आणि असला तर ड्रॉप करा.

टेबलासाठी: व्हॅक्यूम फुल म्हणजे अ‍ॅक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक. साधं सिलेक्टसुद्धा थांबतं. बंद ठेवायची सोय असेल तर सरळ आणि खात्रीचा उपाय. नसेल तर वापर चालू असतानाच टेबल नव्याने लिहिणारं पीजी_रीपॅक हे एक्स्टेंशन. त्याला प्रायमरी की, किंवा नल नसलेल्या कॉलमांवरचा युनिक इंडेक्स लागतो. जागा यालाही दुसऱ्या प्रतीइतकीच लागते. लॉक तोही घेतो, पण फक्त सुरुवातीला आणि शेवटी, थोडा वेळ.

त्या 'थोडा वेळ'मध्ये एक खाच आहे. लॉक मिळाला नाही तर पीजी_रीपॅक मूळच्या सेटिंगमध्ये ६० सेकंद थांबतो, मग आड येणाऱ्या क्वेरी रद्द करतो, आणि त्याहूनही लांबलं तर ती सेशनच तोडतो. हे चालणार नसेल तर नो-किल-बॅकएंड हा पर्याय द्या. आणि मध्येच बंद पडला तर त्याचे ट्रिगर टेबलावर राहतात; एक्स्टेंशन कॅस्केडने ड्रॉप करून परत तयार केलं की निघतात.

शून्याधारित
रीपॅक करणार असाल तर त्याच्या आधी टेबलाचा फिलफॅक्टर (पान किती टक्के भरायचं) ठरवा. नोंदींचा इंडेक्स नसलेला एखादा कॉलम, समजा स्थिती, वारंवार अपडेट होत असेल तर ९० ठेवा. पानात १० टक्के जागा मोकळी राहिली तर नवी आवृत्ती त्याच पानात बसते, हॉट अपडेट होतं आणि इंडेक्सला हात लागत नाही. फिलफॅक्टर बदलल्याने जुनी पानं बदलत नाहीत, नव्याने लिहिली जाणारीच बदलतात. म्हणून आधी. आणि स्थितीवर इंडेक्स असेल तर यातलं काहीच होणार नाही.

ऑटोव्हॅक्यूमचा स्केल फॅक्टरही (किती हिस्सा ओळी मेल्यावर तो येतो) बघा. मूळचा ०.२ आहे, म्हणजे ४ कोटी ७० लाख जिवंत ओळींच्या टेबलाला साधारण ९४ लाख मृत ओळी होईपर्यंत ऑटोव्हॅक्यूम येत नाही. फक्त या टेबलापुरता ०.०२ करा: ऑल्टर टेबल नोंदी सेट (ऑटोव्हॅक्यूम_व्हॅक्यूम_स्केल_फॅक्टर = ०.०२). सगळ्या सर्व्हरसाठी बदलू नका, लहान टेबलांना ०.२ ठीक आहे.

रात्रपाळी
उशिरा आलो. दोन गोष्टी राहिल्यात.

एक, मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज (स्लॉटने जास्तीत जास्त किती वॉल अडवायची). आवृत्ती १३ पासून आहे आणि मूळ किंमत -१, म्हणजे अमर्याद. रोजचे साडेसात जीबी धरले तर १०० जीबी म्हणजे तेराएक दिवसांची सवलत. रीस्टार्ट लागत नाही, रीलोड पुरतो. मर्यादा ओलांडली की वॉल_स्टेटस आधी अनरिझर्व्ह्ड होतं, मग चेकपॉइंटला लॉस्ट. तो स्टँडबाय गमावला, पण प्रायमरी वाचली. लॉस्ट झालेला स्लॉट हाताने काढूनच टाका. आवृत्ती १८ मध्ये आयडल_रेप्लिकेशन_स्लॉट_टाइमआउटही आलंय, ठरावीक काळ न वापरलेला स्लॉट त्याने आपोआप अवैध होतो.

दोन, डिस्क पूर्ण भरून सर्व्हर पडला असता तर काय. पीजी_वॉलमध्ये लिहायला जागा मिळाली नाही की पॅनिक येतो, सर्व्हर पडतो, उठताना परत जागा मागतो आणि परत पडतो. स्लॉट काढायला सर्व्हर चालू हवा. या कोंडीत सगळ्यात स्वस्त सुटका एक्स्टफोरमध्येच आहे: मुळात ५ टक्के जागा रूटसाठी राखीव असते. ५०० जीबीत २५ जीबी. ट्यून२एफएस -एम १ दिलं की त्यातले २० जीबी चालू माउंटवरच मोकळे होतात. सर्व्हर उठवा, स्लॉट काढा, चेकपॉइंट घ्या.

तेही नसेल तर सर्व्हर बंद असताना पीजी_वॉल दुसऱ्या डिस्कवर हलवून जुन्या जागी सिमलिंक करा. मालकी पोस्टग्रेस युझरची, परवानगी ७००. डेटा डिरेक्टरीतल्या 'लॉग' फोल्डरमधल्या जुन्या मजकुरी लॉग फायली मात्र बिनधास्त काढता येतात. @झटपटराव, तुमचं आरएम इथे चालेल.

झटपटराव
:) नोंद घेतली. आर्काइव्ह अडकलं असेल तर आर्काइव्ह_कमांडमध्ये /बिन/ट्रू टाकतात, ते तरी बरोबर का?

रात्रपाळी
डिस्क वाचते, पण तेवढ्या काळाच्या फायली आर्काइव्हमध्ये जात नाहीत आणि साखळी तुटते. जुन्या बेस बॅकअपवरून (सगळ्या डेटा डिरेक्टरीच्या प्रतीवरून) त्या खिंडीपलीकडच्या कुठल्याही वेळेला पोहोचता येत नाही. टाकलंत तर आर्काइव्ह दुरुस्त झाल्या झाल्या नवा बेस बॅकअप घ्या.

पानपिंपळ
लॉजिकल स्लॉटलाही हेच लागू का? आमच्याकडे बदल टिपून दुसरीकडे पाठवणारं एक साधन जोडलेलं आहे. ते चालू आहे, स्लॉट अ‍ॅक्टिव्ह दिसतो, तरी वॉल साचते.

तळघर
थोडा फरक आहे. लॉजिकल स्लॉट कॅटलॉग_एक्समिन धरतो, त्यामुळे तुमची टेबलं फुगत नाहीत, सिस्टिम कॅटलॉग (टेबलं-कॉलमांची माहिती ठेवणारी आतली टेबलं) फुगतात. टेम्पररी टेबलांचा मारा असेल तर पीजी_अ‍ॅट्रिब्यूट बघा.

अ‍ॅक्टिव्ह असून वॉल साचते याचं नेहमीचं कारण: स्लॉट एका डेटाबेसचा असतो, वॉल मात्र सगळ्या क्लस्टरची (त्या सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसची) एकच. स्लॉटच्या डेटाबेसमध्ये दिवसभर काहीच बदललं नाही आणि शेजारच्या डेटाबेसमध्ये धो-धो लिखाण चाललंय, तर पोचपावती देण्याजोगं त्या साधनाला काही मिळतच नाही. कन्फर्म्ड_फ्लश_एलएसएन (जिथपर्यंत पोचपावती मिळाली ती जागा) जागेवरच राहतो. उपाय म्हणजे त्या डेटाबेसमध्ये एका ओळीचं टेबल करा, ते टिपल्या जाणाऱ्या टेबलांत घाला आणि दर मिनिटाला अपडेट करा.

तसं नसेल तर एखादं लांबलेलं ट्रान्झॅक्शन बघा. ते संपेपर्यंत रीस्टार्ट_एलएसएन त्याच्या सुरुवातीच्या पुढे सरकू शकत नाही.

पानपिंपळ
'आयडल इन ट्रान्झॅक्शन'मधलं एक सापडलं, कालपासूनचं. पीजी_कॅन्सल_बॅकएंड दिलं, ट्रू आलं, पण सेशन तिथेच आहे.

शून्याधारित
कॅन्सल चालू क्वेरीला लागतं. तुमच्याकडे क्वेरी चालूच नाही, नुसतं ट्रान्झॅक्शन उघडं आहे. पीजी_टर्मिनेट_बॅकएंड द्या. शेलवरून किल -९ कधीही नाही: एक बॅकएंड (एका जोडणीची प्रोसेस) तसा मेला की पोस्टमास्टर (सर्व्हरची मुख्य प्रोसेस) बाकीचे सगळे बॅकएंड पाडून क्रॅश रिकव्हरी करतो.

आणि आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट लावा. मूळ किंमत ० म्हणजे बंद. अ‍ॅप्लिकेशनच्या रोलला ऑल्टर रोलने ५ मिनिटं पुरे.

निवांत_नोड
एक शेवटचा प्रश्न. स्टँडबाय_१ वर रिपोर्ट चालतात. तिथलं हॉट_स्टँडबाय_फीडबॅक बंद करू का?

तळघर
बंद केलंत तर प्रायमरीवरचा व्हॅक्यूम रिपोर्टला लागणाऱ्या ओळी काढेल, स्टँडबाय ३० सेकंद थांबेल (मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले) आणि मग 'रिकव्हरीशी संघर्ष' म्हणून क्वेरी रद्द करेल. तो डिले अर्ध्या तासावर नेलात तर रिपोर्ट पूर्ण होतील, पण तोपर्यंत स्टँडबाय अर्धा तास मागे राहू शकतो. फेलओव्हरसाठी (प्रायमरी पडली तर तिची जागा घ्यायला) हाच स्टँडबाय असेल तर मला ते पटणार नाही.

मी फीडबॅक चालू ठेवेन, १०० जीबीची मर्यादा लावेन, आणि दर पाच मिनिटांनी दोन आकडे तपासेन: प्रत्येक स्लॉटमागे अडकलेली वॉल, आणि एज(एक्समिन). पहिला २० जीबीवर गेला किंवा दुसरा ५० लाखांवर, की इशारा. तुमचा वेग बघता सामान्य दिवशी दोन्ही याच्या बरेच खाली असतील.

रात्रपाळी
स्टँडबाय काढून टाकायच्या तुमच्या यादीत 'प्रायमरीवरचा स्लॉट ड्रॉप' ही ओळ मशीन बंद करण्याच्या लगेच नंतर घाला. आणि डिस्कच्या स्नॅपशॉटवरून चाचणीचा सर्व्हर उभारत असाल तर तिथे उठल्याबरोबर पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स बघा. पीजी_बेसबॅकअप स्लॉट सोबत आणत नाही, स्नॅपशॉट आणतो.

निवांत_नोड
आत्ताच बघितलं. चाचणीच्या सर्व्हरवर दोन्ही स्लॉट आहेत, दोन्ही बंद. पीजी_वॉल ६१ जीबी. काढतोय.